आईच्या पाठीवरचा अँटेना

मी संगमनेरला एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात कापडाचे अँटेने करते. हे मी लग्नकार्यात कुणाला सांगत नाही. एकदा सांगितलं होतं, तर नवऱ्याच्या मावशीने मला ब्लाउज शिवायला टाकला. दोन दिवसांनी तिने गळा कसा घेतलास म्हणून विचारलं, तेव्हा मी संशोधन म्हणजे काय हे समजावत बसले. शेवटी तो ब्लाउज मीच बाजारपेठेतल्या शिंप्याकडे दिला.

अँटेना म्हटलं की लोकांना गच्चीवरची छत्री दिसते. माझ्या कामात छत्री नाही, काडी नाही, तार नाही. तांब्याचा मुलामा दिलेलं एक कापड मिळतं. हाताला अस्तरासारखं लागतं. त्याचा वहीच्या पानाएवढा चौकोन कापायचा, खाली लोकरीच्या जाड फेल्टचा तुकडा घालायचा, त्याच्याखाली पुन्हा तेच कापड, आणि हे सगळं शर्टाच्या पाठीत आतून शिवून टाकायचं. त्याला काडेपेटीएवढी डबी जोडली की डबीतला निरोप त्या कापडातून हवेत जातो. अंगात घाला, वाका, बसा, घडी घाला, चालतं. निदान चालायला पाहिजे असं माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.

करायला घेतलं की डोक्याला ताप. कापडाच्या कडा उसवतात. सोल्डरिंग करायला गेलं की कापड जळतं आणि लॅबभर केस जळल्याचा वास सुटतो. डबी जोडायला मी नाना प्रकार केले आणि शेवटी टिचबटणं लावली, ब्लाउजला लावतात तीच. पण सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे माणूस. माणसाचं अंग म्हणजे मिठाचं पाणी, ते सिग्नल खातं. टेबलावर पसरलेला अँटेना झकास चालतो, तोच अंगात घातला की आकडा धाडकन खाली येतो. माझे मार्गदर्शक दर भेटीत तेच म्हणायचे, अंगाचा परिणाम कमी करा मॅडम. म्हणून दर रविवारी मी नवऱ्याला हॉलमध्ये हात पसरून उभं करायचे आणि त्याच्या पाठीवर अँटेना लावून मोजमाप घ्यायचे. जेवल्यावर सिग्नल वेगळा येतो का, असं त्याने एकदा विचारलं. मी तेही मोजलं. नाही येत.

हे सगळं असंच चाललं असतं. पण आई पडली.

आई जामखेड तालुक्यात आमच्या वस्तीवर एकटी राहते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, पुण्यात असतो. दिवाळी झाली की अर्धी वस्ती कोयता घेऊन ऊसतोडीला जाते, घरांना कुलपं लागतात. मागे राहतात म्हातारी माणसं, कुत्री आणि ज्यांच्या दावणीला म्हैस आहे ते. चुलतीच्या दावणीला म्हैस आहे, म्हणून चुलती आहे. तिचं घर आमच्या घराला लागूनच आहे.

आईला घेरी यायला लागली होती. मिनिटभर डोळे फिरतात, हातपाय ताठतात, मग शुद्ध येते आणि मी कुठं हाय म्हणून विचारते. जामखेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, गोळ्या घेतल्या तरी अधूनमधून होईल, जपायचं एवढंच की पाणी, चूल आणि एकटेपण टाळायचं. आईने पाणी आणि चूल ऐकलं. ती विहिरीच्या वाटेला जायची बंद झाली, गॅसवर स्वयंपाक करायला लागली, आणि एकटीच तुरीत गेली. तिथे पडली. चुलती म्हैस हुडकत त्या बाजूला गेली म्हणून दिसली. आई किती वेळ पडून होती ते कुणालाच माहीत नाही.

दादा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. मीही गेले. दादाचं म्हणणं सरळ होतं: रान वाट्याने द्यायचं, शेळ्या विकायच्या आणि आईने पुण्याला यायचं. त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. दादा वाईट माणूस नाही. तो घाबरला होता आणि घाबरला की तो मोठ्याने बोलतो.

"तिसऱ्या मजल्यावर मी काय करू?" आई म्हणाली. "लिफ्टमधी खाली-वर करू?"

"इथं मरून पडलीस तर कुणाला कळणार हाय का?"

"काकीला कळंल. म्हैस हाय तिची."

मोबाईल जवळ ठेव म्हणावं, तर आमचं रान ओढ्याच्या बाजूला खोलगट आहे, तिथे रेंज नाही. वरच्या बांधावर चढलं की येते, पण घेरी आलेला माणूस बांधावर चढून फोन करेल अशी अपेक्षा धरणं बरं नव्हे. शिवाय आईचा मोबाईल खुंटीला असतो. तो हरवू नये म्हणून ती त्याला खुंटीवरून खाली काढत नाही.

तेव्हा मी म्हटलं, मी काहीतरी करते. आई आडवी पडली की घरी कळेल असं.

"तुझ्या थिसिसचा नि आईचा काय संबंध?" दादा म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, संबंध काय ते तुला कळलं असतं तर तू मला दर दिवाळीला अजून झाली नाही का पीएचडी म्हणून विचारलं नसतंस. त्यावर त्याने गाडीची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, ठीक आहे, ज्वारी निघेपर्यंत बघू. आईचं इथलं राहणं त्या एका वाक्यावर आलं आणि ते वाक्य मी मिळवलं होतं, म्हणून मला त्याची धास्तीही वाटायला लागली.

आता शर्ट. आमच्याकडे बाया रानात जाताना लुगड्यावरून गड्याचा शर्ट घालतात, फुल बाह्यांचा. ज्वारीची, उसाची पात हाताला कापते, ऊन लागतं, त्यासाठी. शर्ट नवऱ्याचा, नाहीतर पोराचा, जुना झालेला. हे मला लहानपणापासून माहीत होतं, त्यामुळे आईने अंगावर काय घालावं हा प्रश्न माझ्या मते सुटलेला होता. लॅबमध्ये लोक पट्टे करतात, जाकिटं करतात आणि मग ती कुणी घालत नाही म्हणून रडतात. माझ्या आईच्या अंगावर रोज शर्ट असतोच. मी नवऱ्याचा एक चांगला निळा शर्ट घेतला, त्याच्या पाठीत अँटेना शिवला, टिचबटणांवर डबी बसवली, नवऱ्यावरच तपासला आणि वस्तीवर घेऊन गेले.

आईने शर्ट हातात घेतला, कॉलर बघितली आणि खाटेवर ठेवला.

"कुनाचा हाय?"

"ह्यांचा."

"जावयाचा शर्ट घालू व्हय मी?"

मी जागच्या जागी बसले. इतकी वर्षं अंगाचा परिणाम, घामाचा परिणाम, कापड वाकल्याचा परिणाम मी मोजत आले, पण सासूने जावयाचा शर्ट अंगात घालायचा नसतो हे मला, त्याच घरात वाढलेल्या बाईला, सुचलं नाही. चुलती भिंतीला टेकून पदरात तोंड घालून हसत होती. मी म्हटलं, अगं, ते कापड फक्त, धुतलेलं आहे. आई म्हणाली, धुतलं म्हनून जावई बदलतो का. मग मी पेटीतून दादाचा जुना चौकड्याचा शर्ट काढला आणि दुपारभर उसवत, शिवत बसले. आईने सुईत दोरा ओवून दिला. तेवढी मदत तिने मनापासून केली.

रचना साधी होती. डबीला माणूस उभा आहे की आडवा ते कळतं. दर थोड्या वेळाने ती तेवढंच सांगते. आमच्या घराच्या पत्र्यावर मी एक बांबू बांधला आणि त्यावर तो निरोप ऐकणारं यंत्र बसवलं. त्यात सिमकार्ड होतं. आई आडवी झाली की ते तीन फोनवर कळवणार, चुलतीच्या, दादाच्या आणि माझ्या. चुलतीने पळायचं. दादाने आणि मी काळजी करायची.

पहिल्या दिवशी मी आईला मुद्दाम रानात आडवं व्हायला सांगितलं. ती लाजत लाजत ज्वारीच्या कडेला आडवी झाली. जरा वेळात चुलती धावत आली, एका हातात पाण्याचा तांब्या आणि एका हातात फोडलेला कांदा. चप्पल हुंगवायची नाही हे डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून कांदा. मला इतका आनंद झाला की मी दोघींना धरून बांधावर फोटो काढला. त्यात आईने डोळे मिटलेत आणि चुलतीने कांदा पुढे धरलाय.

पण आईला दुपारी भाकरी खाल्ली की लवंडायची सवय. तिसऱ्याच दिवशी ती बाभळीखाली जरा लवंडली आणि तीन फोन वाजले. चुलती कांदा घेऊन धावली. दादाने ऑफिसातून फोनवर फोन लावले. आईची झोप मोडली ती मोडलीच, वर संध्याकाळी दादाने तिला झापलं. मी डबीला शिकवलं की थोडा वेळ थांब, लगेच बोंब मारू नकोस. तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आई म्हणाली, "माजी पाठ टेकायची चोरी झालीय." दादाचा जीव मात्र दर वेळी खरंच टांगणीला लागायचा. त्याने एका संध्याकाळी सगळ्यांना एकदम फोन लावला आणि सांगितलं, "आता पुढचा मेसेज आला आणि तो खरा निघाला, की मी गाडी घेऊन येणार. मग काही ऐकणार नाही. आई, ऐकतेस ना?"

आईचा फोन खुंटीला होता, स्पीकरवर. ती म्हणाली, "ऐकतीय."

त्यानंतर सगळं शांत झालं.

संक्रांत आली, गेली. एकही मेसेज नाही. दादाचा आवाज खाली आला. मी रोज कॉलेजात मोबाईलवर बघायचे: आई सकाळी रानात गेली, उभी आहे, उभी आहे, उभी आहे, संध्याकाळी घरी आली. ज्वारी हुरड्याला आली होती, पाखरं राखायची म्हणजे उभंच राहायचं. डबीच्या निरोपाबरोबर सिग्नलचा जोरही कळायचा, आणि तो तर असा चढला होता की मी मार्गदर्शकांना फोन केला. ते म्हणाले, उत्तम, हे तर जर्नलला पाठवण्यासारखं आहे. मी आलेख काढला. अंगावर घातलेल्या कापडी अँटेन्याने इतका जोर द्यावा, हे मी तरी कुठे वाचलं नव्हतं. मी दोन दिवस स्टाफरूममध्ये जरा ताठ मानेने वावरले. कुणी विचारलं नाही, ते सोडा.

तिसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला तो आलेख घेऊन बसले आणि एका जागी माझं बोट थांबलं.

मी स्वतःच इतकी वर्षं सांगत होते की माणसाचं अंग सिग्नल खातं. खातंच. नवऱ्याने खाल्ला, मी खाल्ला, लॅबमध्ये माणसाऐवजी ठेवलेल्या मिठाच्या पाण्याच्या कॅनने खाल्ला. सुरुवातीच्या आठवड्यांत आईनेही खाल्ला होता, तसा आकडा होता माझ्याकडे, पडका, वरखाली होणारा, ती वाकली की आणखी पडणारा. मग एका सोमवारपासून तो एकदम वर जाऊन बसला होता. टेबलावर पसरलेल्या अँटेन्याचा येतो तसा. शर्ट रानात होता, शर्ट उभा होता. शर्टात माणूस नव्हता.

मी चुलतीला फोन लावला.

"काकू, आई कुठंय?"

"हाय की रानात. आत्ताच बघितली दारातनं. उभी हाय."

"कधीपासून उभी आहे?"

"सकाळधरनं उभीच हाय. लई टाइम उभी ऱ्हाती आजकाल."

"काकू, जवळ जाऊन बघा. आत्ता. पळा."

तिने फोन तसाच चालू ठेवला असावा. मला तिच्या चपलांचा आवाज आला, धाप आली, मग रेंज गेली. मी स्टाफरूमच्या खिडकीपाशी उभी होते आणि पुढचा तास सुरू झाल्याची घंटा झाली होती. वर्गात पोरं वाट बघत असणार हे कळत होतं, पण मी फोन कानाचा काढला नाही. मला आई ज्वारीत तोंडावर पडलेली दिसत होती. ती तिथे कालपासून असेल असंही मनात आलं, आणि मग डबी रोज रात्री आईच चार्जिंगला लावते आणि आज सकाळीही ती चालू होती, हे आठवून जरा श्वास आला.

चुलतीचा फोन आला तो बांधावरून.

"अगं, बुजगावनं हाय."

"आई?"

"हाय. ज्वारीत बसलीया. तुला सांगू नगं म्हनती."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नगरमार्गे जामखेड गाठलं. जीपने वस्तीच्या फाट्यावर उतरले तेव्हा उन्हं कलली होती. रान लांबून दिसतं. ज्वारीच्या मधोमध दादाचा चौकड्याचा शर्ट उभा होता, बाह्या पसरून. माझा नवरा हॉलमध्ये उभा राहायचा तसाच. आईने ते बुजगावणं मन लावून केलं होतं. आडवी काठी खांद्याच्या मापाची, डोक्याला गाडगं, शर्टाची सगळी बटणं लावलेली, आणि पाठीवरची डबी टिचबटणांवर नीट बसवलेली, जराही तिरकी नाही. तिला मी एकदाच दाखवलं होतं ते.

आई बांधावर बसली होती. मला बघून उठली नाही.

मी सगळं म्हणून घेतलं. येताना चार तास ठरवत आले होते, ते सगळं. फसवलंस, मला फसवलंस, दादाला फसवलंस, काकू रोज दारातून बघायची तिला फसवलंस, मी तिकडे आनंदात आलेख काढत बसले. आई ऐकत होती आणि मधूनच ज्वारीकडे बघत होती, पाखरं बसली का ते. माझं झालं तेव्हा ती म्हणाली,

"मशिन काय खोटं बोललं? ते उभंच हुतं."

मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. "घेरी येते का?" मी विचारलं.

"येती."

"किती वेळा?"

"येती म्हनलं न्हवं. दुपारची येती. यायच्या आधी कळतं मला, तोंडात लोखंडावानी लागतं. मंग मी ज्वारीत आडवी हुते. जरा वेळानं उठते. पानी पिते." तिने पदर सावरला. "आधी शर्ट घालूनच आडवी व्हायची. पन एक डाव तुज्या त्या डबीनं सांगितलं असतं, की दादा आला असता. त्यानं तसं बोलून ठिवलंय. मंग मी शर्ट बुजगावन्यावर टांगला."

"आणि जास्त झालं असतं तर? कुणाला कळलं असतं?"

"न्हाई कळलं असतं." तिने बांधावरचं एक ढेकूळ हाताने फोडलं. "मला पडायचं भ्या वाटत न्हाई बाई. पडलं की कळतच न्हाई काय. मला न्यायचं भ्या वाटतंय. दारात गाडी आली की मी मागं शेळ्यांत जाऊन बसते. कुनाची बी असू दे, गॅसवाल्याची असू दे."

ती असं कधी बोलत नाही. मी तिच्या शेजारी बसले. माझा राग गेला होता आणि त्या जागी नुसतं वाईट वाटत होतं. मी आईच्या पाठीवर इतकं कापड शिवलं, पण तिला भीती कशाची आहे हे विचारलं नव्हतं. विचारायला यंत्र लागत नाही.

रेंज होती. मी तिथूनच दादाला फोन लावला आणि सगळं सांगितलं, बुजगावण्यासकट. आई माझा दंड धरून बसली होती. दादा आधी ओरडला. मग म्हणाला, बघ, मी म्हणत होतो ना, आत्ता निघतो मी. मी म्हटलं, निघ. येऊन ने तिला. पण एक ऐकून घे. तू म्हणालास पडली की नेणार, म्हणून ती लपून पडते. माझी डबी, माझा अँटेना, काकूचं पळणं, सगळं ठीक होतं. तुझ्या त्या अटीने तिला एकटीला ज्वारीत झोपवलं. आपण तिला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून हे करतोय ना? मग पडण्याला शिक्षा कशाला लावलीस?

पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न येत होते.

"मग काय करायचं म्हणतेस?" तो म्हणाला. आवाज खाली आला होता.

"पडली म्हणून न्यायचं नाही. शर्ट काढला तर न्यायचं."

"आणि पडली तर?"

"तर काकू जाणार, पाणी देणार, उठवणार. रोज होतंय तेच होणार, फक्त कुणीतरी जवळ असेल. गोळ्यांचं डॉक्टरांना मी उद्या विचारते."

तो म्हणाला, आईला दे. मी फोन आईच्या कानाला लावला. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. आई नुसती हं, हं करत होती. शेवटी म्हणाली, "न्हाई काढनार. तुजी शपत न्हाई घेत, पन न्हाई काढनार." आणि फोन माझ्याकडे दिला. मग ती ज्वारीत शिरली, बुजगावण्याचा शर्ट उतरवला, झटकला, लुगड्यावरून अंगात घातला आणि बाह्या खाली ओढल्या. बुजगावणं उघडं बरं दिसेना म्हणून चुलतीने त्याला खताची गोणी नेसवली.

दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन जामखेडला गेले. डॉक्टरांनी दुपारची गोळी वाढवली आणि तोंडात लोखंडासारखं लागलं की कुठेही असली तरी खाली बस म्हणून सांगितलं. तिला परत सोडून मी एस.टी.त बसले आणि मोबाईल बघितला. आकडा पडला होता. पडका, वरखाली होणारा, मध्येच आणखी खाली जाणारा. म्हणजे आई रानात पोचून वाकली होती, काहीतरी वेचत असणार. तोच आकडा वर आणण्यासाठी मी वर्षानुवर्षं झटले होते, आणि आता तो खाली बघून मला बरं वाटलं. मार्गदर्शकांना मी कळवलं की ते जर्नलचं राहू द्या, त्या मापात चूक होती. ते म्हणाले, मला वाटलंच होतं. त्यांना काही वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी प्रॅक्टिकल घेत होते आणि मेसेज आला.

आई आडवी होती. डबीने थोडा वेळ थांबायचं तेवढं थांबून घेतलं होतं, आणि लवंडायची वेळ अजून झाली नव्हती, म्हणजे ही झोप नव्हती. मी चुलतीला फोन लावला, तिने उचलला नाही. पळत असणार. मी पोरांना म्हटलं, तुमचं चालू द्या, आणि बाहेर व्हरांड्यात आले. दादाचा फोन आला.

"मेसेज आला."

"मलाही आला."

"किल्ली हातात आहे माझ्या."

"थांब," मी म्हटलं. "काकूचा फोन येऊ दे."

तो ठेवता ठेवेना. आम्ही दोघं तसेच फोनवर उभे राहिलो, तो पुण्यात आणि मी संगमनेरात. मग चुलतीचा फोन मध्ये वाजायला लागला, म्हणून मी दादाचा कट केला.

"शुद्धीत हाय," चुलती म्हणाली. तिला बोलवत नव्हतं. "बांदाला आनून बसवलीया. पानी पाजलं. कपाळाला जरासं खरचटलंय. घे, तिच्याशी बोल."

आईचा आवाज जड होता, घेरी येऊन गेल्यावर असतो तसा.

"पडले गं बाई."

"कळलं."

"घालूनच पडले."

"कळलं, आई. म्हणूनच तर कळलं."

तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिने अगदी हळू विचारलं, "मंग येतोय का त्यो?"

मी म्हटलं, थांब, सांगते. दादाला फोन लावला. पहिल्या रिंगला त्याने उचलला. मी म्हटलं, शुद्धीत आहे, थोडं खरचटलंय, काकू जवळ आहे.

"शर्ट अंगात होता?"

"होता."

पलीकडे हातातली किल्ली वाजली. "बरं," तो म्हणाला. "किल्ली ठेवतो मग." आणि त्याने फोन ठेवला. व्हरांड्यात पोरं ये-जा करत होती म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं.

मी पुन्हा बांधावर फोन लावला. म्हटलं, आई, नाही येत तो.

"न्हाई?"

"नाही. किल्ली ठेवली त्याने."

तिकडे लुगड्याची सळसळ झाली. "काकी, हात दे गं," असं तिने चुलतीला म्हटलेलं मला ऐकू आलं. मग ती फोनच्या जवळ येऊन मला म्हणाली, "मंग उठते आता. पाखरं बसलीत."